बाजारात ओळखलेला रंधा

माझ्या शिक्षणाबद्दल आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट ठरून गेलेली आहे. बापानं जुनं लोखंड विकलं आणि पोराला पदवीधर केलं. लग्नकार्यात मला हे ऐकावं लागतं. शाळेत माझा छोटासा सत्कार झाला तेव्हा पाहुण्यांनीही भाषणात हेच सांगितलं, आणि मी हात जोडून बसून राहिलो. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. मॅट्रिकपर्यंत मी खरोखरच जुन्या हत्यारांवर शिकलो. कॉलेजची पुढची वर्षं मात्र माझ्या आईनं सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस निवडून भागवली, कारण तोवर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदा बसला होता. तो का बसला हे सत्कारात सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं मूळ गाव चुडाव्याच्या जवळ. वाटणीत आलेलं रान दोन भावांच्या संसाराला पुरणारं नव्हतं, म्हणून आबांनी ते थोरल्या भावाकडे सोडलं आणि सेलूत एक खोली भाड्यानं घेतली. काही दिवस हमाली केली. मग जुनी हत्यारं विकत घेऊन, साफ करून, पुन्हा विकायला लागले. त्या काळात गावोगावच्या सुतारांकडे काम कमी होत चाललं होतं. लोखंडी नांगर आले, गाड्यांना टायरची चाकं आली. सुतारांची पोरं पूर्णेला रेल्वेत नाही तर औरंगाबादला कंपनीत गेली, आणि बापाची हत्यारं पोत्यात बांधून बाजेखाली सरकवली गेली. आबा एसटीनं, सायकलवर, कधी पायी त्या पोत्यांच्या मागावर हिंडत. वाकस, पटाश्या, गिरमिटं, करवती, लोहाराचे घण, सांडशी असं जे मिळेल ते आणत आणि सेलू, सोनपेठ, परभणीच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून विकत.

आणलेलं हत्यार आधी रॉकेलमध्ये भिजायचं. मग मी त्याला विटेच्या भुकटीनं घासायचो. गंज निघाला की कधी कधी पात्यावर इंग्रजी अक्षरं वर यायची. शाळेत शिकलेलं इंग्रजी मी पहिल्यांदा कामाला लावलं ते तिथं. मी अक्षर अक्षर जुळवून वाचायचो आणि आबा मान डोलवायचे. अक्षरं नसली तरी त्यांचं अडत नव्हतं. पातं दोन बोटांत लोंबतं धरून ते नखानं टिचकी मारत आणि आवाज ऐकत. कानस फिरवून ती चावते की घसरते ते बघत. कुठलं पोलाद विलायती, कुठलं मोटारीच्या पाट्याचं गावच्या लोहारानं ठोकलेलं, हे ते सांगत आणि गिऱ्हाइकालाही तसंच सांगत. बाजारातले दुसरे दोघं-तिघं पात्याला काळा रंग फासून सगळंच विलायती म्हणून खपवायचे. आबा नवा दांडा बसवला तर त्याला करडईचं तेल लावायचे, पण दांडा नवा आहे हे आपणहून बोलायचे.

मालाबद्दल ते सगळं सांगत. फक्त तो कुणाचा होता हे कधीच सांगत नसत. हा त्या धंद्याचा रिवाज होता आणि आबांच्या आधीपासून चालत आलेला होता. हत्यार विकणं ही साधी विक्री नसते. खांडेनवमीला ज्याची पूजा केली ते विकायला काढलं म्हणजे त्या घराचं काय झालं हे गावाला कळतं. म्हणून विकणाऱ्याला का विकतोस असं विचारायचं नाही, आणि घेणाऱ्याला कुणाकडून आणलं ते सांगायचं नाही. सोनपेठकडचा माल परभणीला विकायचा, परभणीकडचा सेलूला. एखादी विधवा दिराच्या हातून पोतं पाठवायची आणि खाली मान घालून दाराआड उभी राहायची. आबा तिच्याकडे बघतसुद्धा नसत. लोक त्यांना माल देत तो या तोंडबंदपणामुळे. आमचं घर खरं म्हणजे त्यावर चाललं होतं.

मी कॉलेजात गेलो त्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाड्यात जे पेटलं ते पेटलं. कॉलेज बंद झालं. एसटीच्या काचा फुटल्या, मग गाड्याच बंद झाल्या. रस्त्यावर झाडं तोडून टाकली होती. खेड्यांतून बातम्या यायच्या की अमुक गावात दलितांची वस्ती जाळली, तमुक गावात विहिरीवर येऊ देत नाहीत. चुलते सेलूला आले होते. त्यांना मी दादा म्हणायचो. त्यांनी खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या मला विचारलं, "नाव बदललं तर तुझ्या डिगरीला कोण इचारील रे?"

मी म्हणालो, "डिग्री मिळाली तर विचारतील, दादा. कॉलेज तरी उघडू द्या."

"शिकून असं बोलायलास व्हय," ते म्हणाले आणि आबांकडे बघितलं. आबा पटाशीला धार लावत राहिले. आमच्या घरात त्या विषयावर बोलणं होत नसे. बाहेर मात्र दुसरं काही बोललं जात नव्हतं.

थोडं निवळल्यावर एक ओळखीचा शेतकरी सायकलच्या कॅरेजला पोतं बांधून आमच्या खोलीवर आला. सेलूपासून बारा-तेरा कोसांवरच्या गावचा. चांगलं काळं रान असलेला, आबांना काका म्हणणारा. त्याच्या गावातून आबांनी पूर्वीही माल घेतला होता, तेव्हा त्यानंच सुतारांची घरं दाखवली होती.

"काका, थोडा माल हाय. बघता का?"

"टाक," आबा म्हणाले.

त्यानं पोतं ओतलं. दोन-तीन रंधे, पटाश्या, गिरमिट, गुण्या, एक चांगली करवत. आबांनी एक पटाशी उचलली, उन्हात धरली. पात्यावर निळसर झाक होती. कानस फिरवली तशी ती मऊ लोखंडात बसावी तशी बसली.

"ही आगीत गेलीया. पाणी उतरलंय हिचं."

"गोठा जळाला ना आमचा. त्यातच व्हती."

"बरं," आबा म्हणाले. सगळा माल घेतला आणि ती एक पटाशी विकायची नाही म्हणून बाजूला काढून ठेवली.

हे एवढंच बोलणं झालं. मी तिथंच होतो. शेतकऱ्याच्या गोठ्यात सुताराचा एवढा साज कशाला, हा प्रश्न मला त्या वेळी पडला की नंतर, हे आता सांगता येत नाही. आबांना पडला असेल. पण विचारायचं नाही हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की तो ओठांवर आलाच नसता. वर्षानुवर्षं गरीब माणसांची लाज झाकत आलेल्या रिवाजानं त्या दिवशी भलत्याच गोष्टीवर पांघरूण घातलं.

साफ करताना सगळ्यात मोठा रंधा वेगळा निघाला. शिसवीचा, घरी केलेला. मागच्या मुठीवर वापरून वापरून तळहाताचा आकार उठला होता, पण अंगठ्याचा खळगा नेहमीच्या बाजूला नव्हता. आबांनी तो उजव्या हातात धरून बघितला, मग डाव्यात.

"डावखुऱ्याचा हाय," ते म्हणाले. "इकायला जड जाईल."

तसंच झालं. बाकीचा बहुतेक माल परभणीला पटकन गेला. हा रंधा मात्र दोन-चार बाजार फिरून परत आला आणि रिवाज मोडून जिकडचा माल तिकडेच, सेलूच्या बाजारातही, गोणपाटावर मांडावा लागला.

तिथं तो मिस्त्री आला. मला त्याचं नाव माहीत होतं, पण इथे मिस्त्रीच म्हणतो. तो जन्मानं सुतार नव्हता. त्याची वस्ती गावाबाहेरची, त्याच्या वडिलांनी गावकी केलेली. हा तरुणपणी पूर्णेला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे राहिला, तिथं काम शिकला आणि गावात परत येऊन दारं-चौकटी करायला लागला. त्या पावसाळ्यात त्याचं घर जाळलं होतं. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. त्या सकाळी तो आमच्या गोणपाटासमोर उकिडवा बसला तो गिऱ्हाईक म्हणून.

त्याचा हात सरळ त्या रंध्यावर गेला. डावा हात. अंगठा खळग्यात जाऊन बसला. त्यानं रंधा खाली ठेवला, परत उचलला आणि मग नुसताच धरून बसला.

"डावखुरे हाव का?" आबा खुशीत म्हणाले. "कमी-जास्त करून देतो. दुसरं कोणी घेत न्हाई त्याला."

"कसं घेतील, मामा? माझा हाय तो."

आबांना वाटलं गिऱ्हाईक थट्टा करतंय. ते हसले.

"तळाला चिंचेचा तुकडा बसवलाय बघा," मिस्त्री म्हणाला. "पोरीचा पाळणा करताना फुटला व्हता. दुसरं लाकूड नव्हतं घरात."

आबांनी रंधा उलटा करून बघितला नाही. त्या तुकड्यावर मी स्वतः तेल लावलं होतं, आणि ते शेजारी बसून बघत होते. थोडा वेळ त्यांनी दुसरीच हत्यारं सारखी करण्यात घालवला. मग म्हणाले, "घेऊन जा."

"नेऊन काय करू? मला नाव सांगा."

"कुणाचं?"

"आणून देणाऱ्याचं. आमच्यावर आले ते तोंडं बांधून आले. जमादार म्हनतो, वळखलं का कुणाला? मी कुणाचं नाव घेऊ? तुमी एक नाव सांगितलं तर बाकीचे त्याच्या मागं निघतील."

"आमच्या धंद्यात नाव सांगत न्हाईत, मिस्त्री."

"कुणाच्या धंद्यात सांगतेत, मामा?"

शेजारचा दोरखंड विकणारा हे ऐकत होता. तो म्हणाला, "बाजारात आता कोर्ट भरवायलेत का काय? बोहनी होऊ द्या बुवा आमची." दोघं-तिघं हसले. मिस्त्री उठला. रंधा त्यानं होता तिथं, होता तसा ठेवला. "मी पुढच्या बाजारी येतो," एवढं बोलून गेला.

त्या आठवड्यात आमच्या घरात जे झालं त्यानं पुढचं सगळं ठरवलं. आबांपुढचा प्रश्न साधा होता. नाव सांगितलं तर माल देणारं एकही घर राहणार नव्हतं, आणि माझं कॉलेज त्या मालावर होतं. नाही सांगितलं तर ज्यानं घर जाळलं त्याला आपण झाकलं हे रोज रंध्याकडे बघून आठवणार होतं. आईचं मत लगेच ठरलं होतं.

"लोक तुमच्या तोंडाकडं बघून घरातली चीज काढून देतेत," ती म्हणाली. "एकदा तोंड उघडलं की संपलं. त्याचा रंधा त्याला द्या, वर दोन पटाश्या द्या, आन् हात जोडा."

"द्यायलो व्हतो. घेत न्हाई."

"मग आपलं काय चुकलं?"

आबांनी चुलत्यांना निरोप पाठवला नव्हता, तरी ते आले. बातमी बाजारातूनच चुडाव्याकडे गेली असणार. ते बाजेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "ऐकायलो ते खरं हाय का?"

"अजून काय केलं न्हाई, दादा," आबा म्हणाले.

"करूबी नको. कुणाच्या बाजूनं उभा ऱ्हायलायस, कळतंय का तुला? उद्या पोरीचं जमवायचं हाय माझ्या. त्या गावात आपले दोन सोयरे हायेत."

"माल चोरीचा हाय."

"मग पयले तूच आत जाशील. घेतला कुणी? तू."

"जातो."

"आन् हे?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्या पुस्तकाला कोण देईल? मिस्त्री?"

आबा माझ्याकडे वळले. त्यांनी आजवर मला धंद्यातलं काही विचारलं नव्हतं, फक्त अक्षरं वाचायला लावली होती. "तू काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सांगा आबा." आज पुन्हा कुणी विचारलं तरी मी तेच म्हणेन. पण या दोन शब्दांची किंमत माझ्या आईनं भरली, आणि ती भरायला तिला कुणी विचारलं नव्हतं.

चुलते चहा न घेता उठले. दारातून म्हणाले, "शिकवा अजून."

आबा सकाळी ठाण्यावर गेले. नाव सांगितलं. जमादारानं आधी त्यांनाच शिव्या दिल्या, दिवसभर बाकावर बसवलं, मग जबाब लिहून घेतला. दोन पोलीस आमच्या खोलीवर आले, पंचनामा झाला, आणि तो रंधा, ती आगीत गेलेली पटाशी आणि उरलेला एक गुण्या असा मुद्देमाल पोत्यात शिवून नेला. त्या शेतकऱ्याला अटक झाली आणि तो जामिनावर सुटलाही. मिस्त्री पुढच्या बाजारी आला, आबांचे पाय धरायला वाकला. आबांनी त्याला धरून उठवलं आणि चहा पाजला. त्या वेळी सगळं ठीक होईल असं मला वाटलं होतं. मी शिकत होतो, पुस्तकात न्याय होत असे.

माल यायचा थांबला. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त पोती उघडेनात. आबा सोनपेठच्या बाजूला एका घरी गेले, सोबत मी होतो. म्हातारा सुतार वारून वर्ष होऊन गेलं होतं. सुनेनं दारातच सांगितलं, "इकायचं काय न्हाई, बाबा." तिच्या मागे बाजेखाली पोतं दिसत होतं, त्यातून वाकसाचा दांडा बाहेर आला होता. आबा "बरं माय" म्हणून परतले. असं घरोघर झालं. एसटी स्टँडवर पोरं त्यांना जमादार म्हणू लागली. "जमादार आले, लपवा रे खुरपं." बाजारातले दुसरे हत्यारवाले, ज्यांच्याशी आबांची इतकी वर्षं उठबस होती, ते गिऱ्हाइकाला हसत सांगत, "तिकडं घेऊ नका, नाव लिहून घेतेत." आबा गोणपाट अंथरत राहिले. त्यावरची हत्यारं विरळ होत गेली आणि शेवटी कुणालाच नको असलेल्या मोडक्या सांडशी आणि बिनदात्यांच्या करवती उरल्या.

ज्यांच्या घरात कधी जाळपोळ झाली नव्हती, ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता, अशा माणसांनीही त्यांना वाळीत टाकलं. मिस्त्रीसारख्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनीही माल दिला नाही. त्यांचीही लाज होती, तीही झाकायची होती. हा हिशेब मला फार उशिरा कळला. एका माणसाचं नाव सांगणारा उद्या आपलंही सांगेल, एवढंच प्रत्येकानं बघितलं.

आई जिनिंगमध्ये जाऊ लागली. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापसाची पिंज असायची आणि ती खोकायची. लोक म्हणतात की तिनं कधी तक्रार केली नाही. हेही खोटं आहे. ती तक्रार करायची. ताट पुढे सरकवताना आबांना म्हणायची, "जेवा, जमादार." आबा जेवायचे.

खटला परभणीच्या कोर्टात उभा राहायला माझं पदवीचं शेवटचं वर्ष उजाडलं. तारखांवर तारखा पडल्या. आबा प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून सेलूहून रेल्वेनं जायचे. त्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात होतो. त्यांनी जे झालं ते सांगितलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे चोरीचा माल घेणं हा तुमचा धंदा?" लोक हसले. आबा म्हणाले, "जुनं हत्यार घेणं हा धंदा हाय. हे चोरीचं निघालं." वकिलानं पुन्हा विचारलं, "निघालं की तुम्हाला माहीत होतं? पटाशी जळलेली आहे हे तुम्हीच म्हणालात." आबांनी मुद्देमालाच्या पोत्याकडे बघितलं. मग म्हणाले, "इचारायला पायजे व्हतं. इचारलं न्हाई." लिहून घेणाऱ्यानं ते लिहून घेतलं.

त्यानंतर मिस्त्रीला बोलावलं. तो पांढरा सदरा घालून आला होता. पोतं फोडून रंधा त्याच्यासमोर ठेवला. सरकारी वकिलानं विचारलं, "हा तुमचा आहे का? हातात घेऊन बघा."

त्यानं रंधा उजव्या हातात घेतला. इकडून तिकडून बघितला, जसा बाजारात नवखा माणूस बघतो.

"माझा न्हाई, साहेब."

"पूर्वी तुम्ही ओळखला होता."

"तवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रंधे सारखेच असतेत."

"आरोपीला त्या दिवशी पाहिलं होतं?"

"न्हाई. आमच्या गावचे हायेत ते. चांगले हायेत."

मी आबांकडे बघितलं. ते मिस्त्रीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या पात्याचा आवाज नीट ऐकू आला नाही की ते डोकं कलतं करायचे, तसं डोकं कलतं केलेलं होतं. मिस्त्रीनं जबानीवर सही केली. डाव्या हातानं केली. कुणी हरकत घेतली नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो आम्हाला टाळून जाईल असं मला वाटलं, पण तो थांबला.

"मग मला कशापायी सांगायला लावलंस?" आबांनी विचारलं. पहिल्यांदाच ते त्याच्याशी एकेरीत बोलले.

"तवा वाटलं व्हतं, मामा."

"आन् आता?"

"ऱ्हायचं तिथंच हाय. काम बी त्यांच्याकडंच हाय. ते बी म्हनले, झालं गेलं जाऊ दे, आमच्या दाराच्या चौकटी तुझ्याकडंच." मग म्हणाला, "पोरगी उजवायला आलीया."

आरोपी सुटला. पुढे कधीतरी कोर्टातून कागद आला. मुद्देमालावर कुणी हक्क सांगितला नव्हता, म्हणून ज्याच्याकडून जप्त केला त्याला तो परत द्यायचा होता. म्हणजे कायद्यानं तो रंधा आबांचा ठरला. ते जाऊन सही करून पोतं घेऊन आले आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. आई म्हणाली, "द्या मोडीत." त्यांनी दिलं नाही. एका रविवारी मला म्हणाले, "चल."

आम्ही एसटीनं त्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. मिस्त्री वस्तीत नव्हता, त्याच्या बायकोनं गावात कामावर गेल्याचं सांगितलं. कुणाच्या घरी हे तिनं सांगितलं नाही, पण अंदाज करण्याची गरज पडली नाही. त्या शेतकऱ्याचं नवं घर रस्त्यावरच होतं. अंगणात सागाच्या फळ्या मांडल्या होत्या आणि मिस्त्री नव्या लोखंडी रंध्यानं चौकट साफ करत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला.

शेतकरी ओट्यावर होता. तो उठून पुढे आला. "काका, या. किती वर्सांनी." आत वळून म्हणाला, "चहा ठेवा गं." त्याच्या आवाजात बेरकीपणा नव्हता, हेच मला सगळ्यात वाईट वाटलं. तो खरोखर आनंदला होता. त्याच्या दृष्टीनं भांडण मिटलं होतं आणि मिटवणारा तो होता.

चहा आला. आम्हाला बशीत. मिस्त्रीसाठी कुणीतरी अंगणाच्या भिंतीतल्या कोनाड्यातला कानतुटका कप काढला, तो त्यानं नळाखाली स्वतः विसळला आणि पुढे केला. वरून चहा ओतला गेला.

"धंदा कसा हाय, काका?" शेतकऱ्यानं विचारलं.

"बंदच हाय."

"आयकलं मी. लोक बी एकदा धरलं की सोडत न्हाईत." तो जवळ सरकला. "मी बोलतो. माझ्याकडंच थोडा माल हाय जुना, आजोबाचा. तो घेऊन जा आज. मी दिला म्हणल्यावर बाकीचे बी देतील. झालं गेलं गंगेला मिळालं."

तो थाप मारत नव्हता. त्यानं माल दिला असता आणि त्याच्या शब्दावर चार गावांतली पोती उघडली असती. आई जिनिंगमधून घरी आली असती. आबांनाही हे कळत असावं, कारण त्यांनी बशी हातात तशीच धरली होती. मिस्त्री खाली बघत रंध्यात अडकलेला भुसा काढत होता.

आबांनी बशी खाली ठेवली. पोतं उचलून ओट्याच्या मधोमध ठेवलं आणि सुतळी सोडली. शिसवीचा रंधा वर आला.

"कोर्ट म्हणतंय हे माझं हाय," ते म्हणाले. "माझं न्हाई. तुमी दोघं बघा कुणाचं ते."

शेतकऱ्याचं तोंड उतरलं. "काका, आता कशाला परत..."

"मला माल नको," आबा म्हणाले आणि वहाणा घातल्या.

आम्ही फाट्याकडे चालू लागलो. मागून बराच वेळ रंध्याचा आवाज आला नाही, मग यायला लागला. तो नव्या रंध्याचा होता की जुन्या, एवढ्या अंतरावरून मला कळलं नाही. आबांना कळलं असेल. त्या हंगामात आबाही आईबरोबर जिनिंगमध्ये जाऊ लागले, फाटकावर राखणदार म्हणून. मी पास झालो, नोकरीला लागलो. त्यांनी हत्यार पुन्हा विकत घेतलं नाही.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तेव्हा मी सोनपेठला शिक्षक होतो. आई गेली होती, आबा माझ्याजवळ राहत. शाळा लवकर सोडली होती आणि रस्त्यावर पोलीस होते. मी घरी आलो तर ते रेडिओ कानाला लावून बसले होते. बातमी संपेपर्यंत त्यांनी ऐकली.

"लय वेळ लावला," ते म्हणाले आणि रेडिओ बंद केला. मग उद्या एसटी चालू राहील का ते बघून यायला त्यांनी मला सांगितलं.